जमिनीतली जड वीट

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. रंगानं राखाडी, पण नुकतं कापलं की चांदीसारखं लखलखतं. लोखंडाहून जड, पण सुरीनं कापता येईल इतकं मऊ. चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. हातोडीनं ठोकलं तर 'टण्ण' म्हणत नाही, नुसतं 'थप्प' करतं. तुमच्या कंपासपेटीत नावापुरतं आहे, पण प्रत्यक्षात नाही. ओळखा पाहू!

ज्यांनी 'शिसं' म्हटलं त्यांना शाबासकी. आणि कंपासपेटीचं काय, असं विचारणाऱ्यांना डबल शाबासकी. आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचा आणि हिऱ्याचा भाऊबंद. पूर्वीच्या लोकांना ग्राफाइट हा शिशाचाच एक प्रकार वाटला, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटून बसलं. तेव्हा पेन्सिल चावली तर पोटात शिसं जात नाही. तरीही चावू नका, हे आपलं बाईंचं नेहमीचं सांगणं!

आज शिशाचीच गोष्ट काढली, कारण वर्गात एक प्रश्न आला होता. आमच्या शिरड शहापूरच्या शिवारात कुठे विहीर खणतात, कुठे शेततळं, कुठे घराचा पाया. पूर्वी कुदळ-फावडं असायचं, आता जेसीबी येतो आणि दोन तासांत पुरुषभर खड्डा तयार. अशा खड्ड्याभोवती मुलं जमतातच. मग कुणीतरी विचारलं, "बाई, जमिनीत राखाडी, जड विटेसारखं काही निघालं तर ती चांदी समजायची का?" दुसरा लगेच म्हणाला, "गुप्तधन!" आणि अख्खा वर्ग माना पुढे काढून बसला.

गुप्तधन हा शब्दच तसा आहे. पण बाळांनो, खणताना निघणारी राखाडी जड वस्तू चांदी असण्यापेक्षा शिसं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. धातू वितळवून साच्यात ओतला आणि थंड केला की जो घट्ट ठोकळा तयार होतो त्याला 'लगड' म्हणतात. सोन्याची लगड, चांदीची लगड हे शब्द तुम्ही सराफाच्या दुकानात ऐकले असतील. तशीच शिशाचीही लगड असते. दूरदेशी पाठवायला, मोजायला, रचून ठेवायला ती सोयीची.

मग ओळखायची कशी? पहिली गोष्ट वजन. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, ती भरल्यावर आतलं पाणी भरतं एक किलो. तीच बाटली शिशानं गच्च भरली तर आतलं शिसं भरेल सव्वाअकरा किलोहून थोडं जास्त! त्यामुळे लहानशी लगड उचलायला गेलं की हाताला एकदम झटका बसतो. डोळा म्हणतो "हलकी असेल", हात म्हणतो "छे!"

पण हाताचा अंदाज तो अंदाजच. खरी परीक्षा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे आणि ती आपल्या शाळेतही करता येते. ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीजचं नाव तुम्ही ऐकलं आहेच. वस्तू पाण्यात पूर्ण बुडवली की तिचं वजन कमी भरतं आणि जेवढं कमी भरतं तेवढंच तिनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन असतं. प्रयोगशाळेतला ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा घ्या. वस्तू दोरीनं बांधून आधी हवेत वजन करा. मग ती बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि कडांना टेकणार नाही अशी लोंबकळत ठेवा आणि पुन्हा वजन वाचा.

समजा, हवेत भरलं ३ किलो ४०० ग्रॅम आणि पाण्यात ३ किलो १०० ग्रॅम. फरक ३०० ग्रॅम. आता ३४०० ला ३०० नं भागा. उत्तर आलं ११.३३. याचा अर्थ ही वस्तू तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा ११.३३ पट जड आहे. शिशाचा हा आकडा ११.३४ आहे, म्हणजे गाठ शिशाशीच! चांदीचा आकडा १०.५, तांब्याचा जवळजवळ ९, लोखंडाचा ७.९, कथलाचा ७.३ आणि जस्ताचा ७.१. सोनं मात्र सगळ्यांच्या पुढे, १९.३. दुसऱ्या धातूची भेसळ असली, आत पोकळी असली किंवा अंगाला माती चिकटलेली असली तर आकडा थोडा घसरतो. म्हणून एकदाच मोजून मोकळं होऊ नये, तीनदा मोजावं आणि सरासरी काढावी. (सरासरी कशाला शिकवतात, असं विचारणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.)

बाकीच्या खुणा सोप्या आहेत. चुंबक लावून पाहा, चिकटला तर ते लोखंड. चांदीवर लाकडानं हलकं ठोकलं तर नाद उमटतो, शिसं मुकं राहतं. शिशाचा तुकडा कागदावर ओढला तर राखाडी रेघ उठते. ताजा काप चमकतो, पण थोड्याच दिवसांत काळवंडतो. बरीच वर्षं मातीत पडलेल्या शिशावर पांढरट-राखाडी थर चढतो. हा थर म्हणजे शिशाची चादरच. ती एकदा पांघरली की आतलं शिसं सहसा आणखी झिजत नाही, म्हणून शेकडो वर्षांनीही लगड शाबूत निघते.

या शेवटच्या दोन परीक्षा, म्हणजे कापायची आणि रेघ ओढायची, तुम्ही करायच्या नाहीत. त्या वाचायच्या आणि सोडून द्यायच्या. कारण पुढे सांगतेच. ताणकाट्याची परीक्षासुद्धा शिक्षकांनीच करायची. हातमोजे घालून, वस्तू धूळ उडू न देता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणि पिशवीतली हवा नीट काढून.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आपल्या भागात शिसं आलंच कुठून?" प्रश्न चांगला आहे. दोन हजार वर्षं मागे जाऊ. आपल्याच गोदावरीकाठी पैठणला सातवाहन राजांची राजधानी होती. या राजांनी तांब्याची, चांदीची नाणी पाडलीच, पण चक्क शिशाचीही नाणी पाडली! भारतात शिशाचं नाणं एवढ्या मोठ्या प्रमाणात चालवणारे राजे फार थोडे. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं. त्या परिसरात कुर घराण्यातल्या राजांची शिशाची नाणी मिळाली आहेत आणि त्यांवर धनुष्यबाणाचं चित्र आहे. सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. खिशात जहाज घेऊन बाजाराला जायचं, कल्पना करा! शेजारच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा गावी १९३९ साली नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यात सुमारे दीड हजार सातवाहन नाणी होती. ती होती पोटीनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे त्या काळचं 'तगर' नावाचं मोठं व्यापारी गाव. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. सहल काढायची झाली तर हे नाव मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

एवढं शिसं काही इथल्या काळ्या मातीत पिकत नव्हतं. आपला खडक काळा बेसाल्ट, त्यात शिशाची खाण नाही. राजस्थानात जावरला फार जुन्या काळापासून शिशा-जस्ताच्या खाणी आहेत. आणि बाकीचं शिसं समुद्रावरून यायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी दिली आहे आणि त्या यादीत तांबं, कथील आणि शिसं आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर ही नावंही आहेत. म्हणजे भूमध्य समुद्राकाठी खणलेलं शिसं जहाजातून भडोचला, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून आपल्या गोदाखोऱ्यात येत असणार. आपल्याकडचं सुती कापड उलट्या वाटेनं जायचं.

पुढे बंदुका आल्या आणि शिशाचा भाव वधारला. बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या. ते लवकर वितळतं, ३२७ अंश सेल्सिअसला. चुलीतल्या विस्तवावरही पातळ होतं आणि साच्यात ओतलं की गोळी तयार. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडचं शिसं भारतात विकायला यायचं. बांधकामातही त्याला मान होता. दगडांत लोखंडी पट्टी बसवून वर पातळ शिसं ओतलं की सांधा घट्ट होई. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं सांगतात.

याच इंग्रजी शिशाची एक खरी गोष्ट ऐका. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ पाठीवर हवेच्या टाक्या बांधून समुद्राच्या तळाशी उतरतात आणि बुडालेली गावं, बुडालेली जहाजं शोधतात. तमिळनाडूत पूम्पुहारजवळच्या समुद्रात त्यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले आणि त्यात शिशाच्या लगडी होत्या. लगडींवर इंग्रजी अक्षरं होती, 'डब्ल्यू ब्लॅकेट', आणि साल होतं १७९१ व १७९२. ब्लॅकेट हे उत्तर इंग्लंडातलं शिशाच्या खाणींचं मोठं घराणं. शास्त्रज्ञांनी नुसत्या अक्षरांवर विश्वास ठेवला नाही. शिशाचे अणू सगळे एकसारखे नसतात, काही थोडे जड, काही थोडे हलके. त्यांचं आपसांतलं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखं. ते प्रमाण तपासलं आणि ते इंग्लंडातल्या शिशाशी जुळलं. दस्तऐवज नाही, सांगायला माणूस नाही. तरी जहाज साधारण कोणत्या काळातलं आणि माल कुठला, हे एका मुक्या धातूनं सांगितलं!

आता विचार करा. हीच लगड कुणाला सापडली असती आणि त्यानं ती वितळवून मासेमारीच्या जाळ्याला लावायची वजनं केली असती तर? वजनं झालीच असती, त्यात शंका नाही. पण ब्लॅकेटही गेला असता आणि १७९१ ही गेलं असतं. म्हणून मातीतून निघालेल्या वस्तूवर अक्षर, आकडा, शिक्का, नुसती खाच जरी दिसली तरी ती घासायची नाही. चिंच नाही, लिंबू नाही, काथ्या तर मुळीच नाही.

या लगडींचा उपयोग काय, असाही प्रश्न वर्गात आला होता. एक उपयोग असा आहे की ऐकून तुम्ही चाटच पडाल. इटलीजवळ सार्डिनिया नावाचं बेट आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात एक रोमन जहाज सापडलं. दोन हजार वर्षांहून जुनं, आणि पोटात शिशाच्या सुमारे एक हजार लगडी, प्रत्येकी साधारण ३३ किलोची. त्यांतल्या १२० लगडी २०१० साली शास्त्रज्ञांना देण्यात आल्या, पण इतिहासाच्या नाही, पदार्थविज्ञानाच्या! ग्रान सासो नावाच्या डोंगराखाली, १४०० मीटर खडकाच्या छायेत त्यांची प्रयोगशाळा आहे. न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांबद्दल ते तिथे प्रयोग करतात. त्या प्रयोगाला बाहेरच्या किरणांचा जरासुद्धा उपद्रव चालत नाही, म्हणून भोवती शिशाची भिंत लागते. पण खाणीतून नव्यानं काढलेल्या शिशात स्वतःच किंचित किरणं सोडणारे अणू असतात. म्हणजे राखणदारच गोंगाट करणारा!

हे अणू दर २२ वर्षांनी निम्मे होतात. एक भाकरी घ्या, निम्मी करा, उरलेली पुन्हा निम्मी करा. दहा वेळा केलं की हजारावा भागही उरत नाही. दोन हजार वर्षांत असं जवळजवळ नव्वद वेळा झालं. म्हणून रोमन शिसं अगदी शांत झालेलं आहे आणि ते या कामाला उत्तम. लगडींवरचे शिक्के आधी कापून जपून ठेवले आणि उरलेलं शिसं वितळवलं. तरीही काही पुरातत्त्वज्ञांना हे पटलं नाही. एवढा जुना ठेवा वितळवायचाच का, असं ते म्हणाले. मला विचाराल तर शिक्के जपले आणि नोंदी केल्या, म्हणून मन थोडं शांत होतं. पण तुम्ही घरी यावर वाद घालून बघा, जेवताना चांगला रंगेल.

शांततेवरून आठवलं, आपल्या औंढा तालुक्यातच 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहत आहे. तिला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीचे तिचे दोन हात असतील आणि विश्वात खूप दूर घडलेल्या धडकांची हालचाल ती टिपेल. तिला हवी असते शांत जमीन, तसं ग्रान सासोवाल्यांना हवं होतं शांत शिसं. औंढ्याच्या नागनाथाला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे जरूर सांगा.

रोजच्या व्यवहारात शिशाचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे बॅटरी. मोटार, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरची जड बॅटरी शिशाच्या पट्ट्यांनी भरलेली असते. दवाखान्यात एक्स-रे काढणारे काका जो जाड झगा घालतात, त्यात शिसं असतं. आणि तुमच्या आजोबांनी वाचलेली मासिकं शिशानंच छापलेली! शिशाच्या मिश्रधातूचे एकेका अक्षराचे 'खिळे' असायचे. ते उलटे जुळवत ओळी तयार करायच्या, छपाई झाली की पुन्हा सुटे करायचे, झिजले की वितळवायचे. तेव्हा एखाद्या बंद पडलेल्या छापखान्याच्या जागी खणताना शिशाचा ठोकळा निघाला तर तो सातवाहनांचा समजून नाचू नका!

आता ती राहिलेली गोष्ट. शिसं विषारी आहे. विंचवासारखं लगेच चावत नाही, हाच त्याचा कावा. धूळ होऊन, धूर होऊन, हाताला लागून ते हळूहळू पोटात जातं आणि हाडांत घर करतं. भूक मंदावते, पोटात कळा येतात, लक्ष लागत नाही, शिकलेलं लक्षात राहत नाही. मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं शरीर ते चौपट-पाचपट शोषून घेऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात अमुक इतकं शिसं चालेल, असं म्हणता येत नाही. युनिसेफनं २०२० साली एक अहवाल काढला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, असा त्यात अंदाज होता. म्हणजे दर तिघांत एक. हा आकडा मी वाचला तेव्हा माझ्या वर्गाचा पट डोळ्यांपुढे आला.

म्हणून पालकांनाही सांगते. जुनी बॅटरी घरी किंवा अंगणात फोडू देऊ नका. ती जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा त्यांचा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडे द्यावी असा २०२२ चा नियम आहे. भंगारातलं शिसं चुलीवर वितळवणं तर मुलांच्या आसपास कधीच नको, तो धूर दिसत नाही पण असतो. मारुतीला वाहतात तो शेंदूर म्हणजे पारंपरिक पद्धतीनं शिशापासूनच केलेला पदार्थ. देवाला वाहा, पण मुलांचे हात साबणानं धुवा, आणि तो तोंडात जाऊ देऊ नका. भांड्यांना कल्हई लावताना शुद्ध कथीलच वापरतो ना, हे कल्हईवाल्याला विचारायला लाजू नका, कारण स्वस्तात काम भागवायला कथलात शिसं मिसळणारे असतात. भारतात २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं घालणं बंद झालं आणि २०१७ पासून घराच्या रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली. पण जुन्या दारा-खिडक्यांचे उडालेले पोपडे जुनेच आहेत.

आणि खरोखर एखाद्या खड्ड्यात लगड निघाली तर? हात लावू नका. जागा, खोली आणि दिवस वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि घरच्या मोठ्यांना सांगा. चुकून हात लागलाच तर आधी साबणानं धुवा, मग भाकरी. भारतात १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठी भाऊसाहेब किंवा तहसील कार्यालय वाट दाखवतात. लपवली तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कळवली आणि कुणी मालक पुढे आला नाही, तर कायद्यात सापडणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाचा एक चतुर्थांश वाटा सांगितला आहे. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. आता सांगा, भंगारवाला एवढं देतो का? आणि गुप्तधन काढून देतो म्हणत लिंबू-नारळ घेऊन येणारा कुणी भेटला, तर त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याला तो वाचायला द्या.

चला, या आठवड्याचं गणित. एका लगडीचं वजन हवेत भरलं ५ किलो २५० ग्रॅम. पाण्यात पूर्ण बुडवून भरलं ४ किलो ७५० ग्रॅम. धातू कोणता? घाई करणारे लगेच 'शिसं' लिहून मोकळे होतील. तुम्ही भागाकार करा, वरचे आकडे पुन्हा वाचा आणि उत्तर रीतीसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात पडताळून पाहू.